दिव्यावरची टिकली

बाळांनो, वाचायला बसलाच आहात तर आधी एक काम करा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि चांगली घट्ट दाबा. पान उलटायची वेळ आली तर शेजारच्याला सांगा. आता आत काय ऐकू येतं ते पाहा. दूर कुठे तरी मोठं यंत्र चालू असावं तशी एक गुरगुर असते. बोटं काढली की ती जाते. आता अशी कल्पना करा, की बोटं काढली तरी ती जातच नाही. आई समोर उभी आहे, तिचे ओठ हलताहेत, आणि तुमच्यापर्यंत पोचते ती फक्त गुरगुर. आता ती तशीच कानांत घेऊन एका जुन्या व्हॅनच्या स्टिअरिंगमागे बसा. मागे तुमच्याच वयाची मुलं दप्तरांसकट दाटीवाटीने बसली आहेत. समोर, काचेखाली, एक लाल दिवा लागलेला आहे आणि काही केल्या विझत नाही. जमतंय बसायला? लोटूला रोज बसावं लागत होतं. बोटं काढलीत तरी चालेल आता. गुरगुर मात्र विसरू नका.

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा व्हॅन डिंडोलीच्या पुलाअलीकडे, रिक्षांच्या गर्दीत उभी होती. लोटूची नजर काट्यांवरून सहज खाली गेली आणि तिथे, जिथे इतकी वर्षं काळोख होता, तिथे लाल रंगाचं एक इवलंसं चित्र उमटलेलं त्याने पाहिलं. लांब चोचीची तेलाची कुप्पी, आणि चोचीतून पडणारा एक थेंब. त्याला आधी भीती वाटली नाही, ओळख वाटली. असली कुप्पी त्याने अर्धं आयुष्य हातात धरली होती. लिंबायतच्या लूमच्या खात्यात – सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात – पाळी सुरू झाली की पहिलं काम तेच, कुप्पी घेऊन मागाच्या सांध्यासांध्यात तेल सोडत फिरायचं. तीच कुप्पी आता गाडीच्या काचेमागून लाल होऊन त्याच्याकडे बघत होती. गर्दी हलली, त्याने गाडी पुढे घेतली, आणि वेग आल्यावर दिवा विझला. लोटूला वाटलं, झालं. पुढच्या चौकात गाडी थांबली आणि कुप्पी पुन्हा पेटली. हा दिवा आता आपल्या घरी राहायला आला आहे हे त्याला कळलं. पाहुणा येतो, पिशवी कोपऱ्यात ठेवतो, आणि पिशवी ठेवायच्या पद्धतीवरूनच आपल्याला कळतं की हा लवकर जायचा नाही. तसं.

तो कुंदनकडे गेला. कुंदन मूळचा नंदुरबारकडचा. त्याचं गॅरेज लिंबायतमध्येच, एका खात्याच्या भिंतीला भिंत लावून. पलीकडे माग दिवसरात्र चालायचे आणि गॅरेजमधले पाने टेबलावर ठेवल्या जागी थरथरायचे. कुंदनच्या मराठीत हिंदी-गुजराती मिसळलेली असायची आणि तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा मावा. लोटूला हा मावा सगळ्यात मोठा वैरी वाटे. ओठ उघडत नाहीत, गाल फुगलेला, हनुवटी वर. अशा माणसाचं बोलणं डोळ्यांनी वाचणं म्हणजे झाकलेल्या ताटलीतलं जेवण ओळखणं. त्या पहिल्या दिवशी कुंदनने पुढची सीट उचलली, कारण या जातीच्या गाडीचं इंजिन पुढे नाकात नसतं, पुढच्या दोन सीटांच्या खाली असतं. तो आत वाकला आणि वाकल्या वाकल्याच काही तरी बोलला. लोटूने त्याचा गाल हलताना पाहिला. मग कुंदनने मान वर करून पुन्हा विचारलं. त्यातला 'आवाज' हा शब्द लोटूच्या हाती लागला. आवाज येतो काय. लोटू म्हणाला, "नाही. आवाज नाही."

कुंदन मावा थुंकून आला आणि आता त्याचं बोलणं स्पष्ट दिसलं. "बघा काका, हा तेलाचा दिवा. इंजिनात तेलाचा दाब उतरला की लागतो. नाय तर दिव्याचं स्विच बिघडतं, तरी लागतो. आवाज असता तर मी बोललो असतो, एक पाऊल चालवू नका, इंजिन चढावर जाम होऊन बसेल. पण आवाज नाय तर टेन्शन नाय. स्विच बदलून टाकू."

"बदल," लोटू म्हणाला. कुंदनने स्विच बदललं. दिवा तसाच. काही दिवसांनी तेल बदललं, मग जाड तेल घातलं, मग वायर बदलली. प्रत्येक वेळी तो तेच विचारी आणि लोटू तेच उत्तर देई. शेवटी शेवटी तर कुंदनचा गाल हलला की लोटूच्या तोंडून आपोआप "आवाज नाही" असं निघे. एकदा कुंदन खो खो हसत सुटला आणि त्याने शेजारच्या पोऱ्याला बोलावून पुन्हा सांगितलं. लोटूला मागाहून हर्षदाकडून कळलं, की कुंदनने विचारलं होतं, "काका, चाय पिणार?" आणि लोटूने सांगितलं होतं, "आवाज नाही." कुंदन म्हणाला होता, "काका, चायला आवाज तुम्हीच करायचा असतो, बशीत ओतून."

हर्षदा त्याची मुलगी. ती हे सांगताना हसली, मग तिने बापाचं तोंड पाहिलं आणि तिचं हसू मधेच राहिलं.

कान एकदम गेले नव्हते. एकदम गेले असते तर माणसाने बोंब तरी मारली असती. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिटी. मग मोबाइल वाजायचा थांबला, तेव्हा लोटू फोनच्या दुकानात भांडून आला की नवा डबा दिलात आणि घंटी वाजत नाही. दुकानदाराने त्याच्यासमोर घंटी लावली, दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि लोटू म्हणाला, हां, आता वाजली. ते त्याचं पहिलं खोटं. खात्यात कुणाला काही कळलं नाही, कारण खात्यात कुणालाच काही ऐकू येत नसतं. तिथे एवढे माग एकदम बडवत असतात की शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेलं तरी शब्द वाया जातो. म्हणून कारीगर ओठांनी आणि हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे, म्हणजे पाणी. टोपीची खूण, म्हणजे शेठ आला. दोन बोटांची टोकं जुळवून झटकन दूर केली, म्हणजे तार तुटली. मूठ छातीकडे ओढली, म्हणजे माग थांबव, कारण मागाचा दांडा असाच ओढून थांबवतात. लोटू या भाषेत चांगला बोलका होता. पंडित नावाचा त्याचा जोडीदार, त्याला तर तो हातवाऱ्यांनी अख्ख्या लग्नाची हकीकत सांगायचा, वरमाईच्या रुसण्यासकट. खात्यात लोटू बहिरा नव्हता. पाळी संपून दाराबाहेर पाऊल टाकलं की बहिरा व्हायचा. पुढे डॉक्टरने कागदावर रेघा काढून दाखवल्या, या कानाची एवढी, त्या कानाची एवढी, आणि खातं सोडा म्हणून सांगितलं. लोटूने खातं सोडलं. पण खातं त्याच्या कानांत येऊन राहिलं. झोपताना, जेवताना, देवासमोर हात जोडताना, माग चालूच.

घरात एक नियम झाला. पप्पाशी बोलायचं तर पप्पाकडे तोंड करून. मालती, त्याची बायको, चुलीपाशी असली तरी मान वळवून बोले. तिचं बोलणं त्याला सगळ्यात चांगलं दिसे, कारण ती घरात अहिराणी बोले, आणि अहिराणी तर त्याने आईच्या मांडीवर, तिच्या ओठांकडे बघत शिकलेली. हर्षदाला तर हे निराळं असं कधी वाटलंच नाही. ती चालायला लागली तशीच बापाच्या समोर येऊन उभी राहून बोलायला लागली. खात्यातल्या खुणाही, पाण्याची, थांबण्याची, ती त्याच्याकडूनच खेळता खेळता शिकली. भांडण झालं, रुसली, रडली, तरी पाठ फिरवायची नाही. एकदा लहानपणी रागाने भिंतीकडे तोंड करून ती काही तरी बोलली, तेव्हा मालतीने तिला कधी नाही ते एक चापट मारली. "मन्हावर राग काढ," मालती म्हणाली, "पण त्यान्हाकडे पाठ करीसन बोलानं नही." लोटूला त्या चापटीचा आवाज आला नाही. त्याला पोरीच्या गालावर उठलेली बोटं दिसली. तो उठून बाहेर गेला आणि ओट्यावर बसून राहिला, आणि त्याला वाटलं, आपल्या कानांची किंमत या पोरीच्या गालाने का द्यावी.

व्हॅनचा धंदा मालतीनेच सुचवला. मुलांना शाळेत पोचवायचं, परत आणायचं. मुलं एवढा कल्ला करतात की ऐकणारा माणूससुद्धा बहिराच होतो, ती म्हणाली. हर्षदाची शाळा दुपारपाळीची, म्हणून सकाळपाळीच्या मुलांना नेता-आणताना ती त्याच्या शेजारी बसे, इंजिनावरच्या सीटवर, आणि त्याच्या डाव्या दंडावर बोटांनी बोले. एक टिचकी, मागून हॉर्न. दोन टिचक्या, ॲम्ब्युलन्स. आणि पंजाने दंड दाबला तर, पप्पा, तुमच्याशी कुणी तरी बोलतंय, तिकडे बघा. हे सगळं इतक्या सहज चाले की पालकांना एवढंच दिसे, पोर बापाची फार लाडकी आहे, सारखी त्याच्या हाताला हात लावून असते. त्यांना लोटू कमी बोलणारा, शांत माणूस वाटे. शांत माणसावर लोक विश्वास टाकतात. लोटूला हे माहीत होतं, आणि ज्या गोष्टीसाठी लोक आपल्याला चांगलं म्हणतात तीच आपली चोरी आहे, हे घेऊन तो रोज सकाळी एकेका दारासमोर उभा राहत होता.

दिवा आता गाडी पळतानाही विझेनासा झाला. मुलं विचारू लागली. तेव्हा एका सकाळी दाढी करताना लोटूची नजर आरशाच्या कडेला गेली. मालती रात्री कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवते. तिथे बऱ्याच जुन्या टिकल्या होत्या, रंग उडालेल्या, काहींचा गोंद सुकलेला. त्याने त्यातली एक लालसर तपकिरी टिकली नखाने उचलली आणि गाडीत जाऊन कुप्पीच्या चित्रावर बरोबर चिकटवली. दिवा गेला. म्हणजे टिकलीच्या कडेने केसाएवढी लाल रेघ राहिली, पण ती माहीत असलेल्यालाच दिसावी. लोटूला फार हलकं वाटलं. आणि लगेच त्याला खात्यातली ती लोखंडी कांडी आठवली. माग चालताना धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून तिथे एक बोटाएवढी कांडी असते. धागा तुटला की ती पडते आणि माग थांबतो. पण मजुरी मीटरवर, आणि असा माग सारखा थांबला तर मीटर कसे भरायचे? म्हणून सगळेच कारीगर ती कांडी चिंधीने बांधून टाकत. पंडितने लोटूला पहिल्याच आठवड्यात ती गाठ शिकवली होती. मग धागा तुटला तरी माग थांबत नसे. तो विणत राही, आणि कापडात एक विरळ, पोकळ पट्टा उमटत जाई, हातभर, दोन हात, कुणाची नजर जाईपर्यंत. त्या पट्ट्याआड हात धरला तर पलीकडचा हात दिसायचा. टिकलीवरून अंगठा फिरवताना लोटूच्या बोटांना ती चिंधीची गाठ लागली. त्याने हात मागे घेतला. टिकली तशीच राहू दिली.

त्याच आठवड्यात हर्षदाने त्याला सांगितलं. घराच्या ओट्यावर, त्याच्यासमोर उभी राहून, ओठ नीट उघडून. "पप्पा, गाडी पुलावर चढते ना, मुलं भरलेली असतात तेव्हा, माझ्या सीटखाली टकटक होतं. उतरताना नाही होत. कुंदनकाकांकडे पण नाही होत, तिथे गाडी रिकामी असते. आणि तिथे तर खात्याचाच आवाज असतो."

"कवापासून?"

"दिवा लागल्यावर थोड्या दिवसांनी. आता मोठं झालंय." तिने आपली मूठ ओट्याच्या फरशीवर ठोकून दाखवली. टक, टक, टक, टक. लोटूने फरशीवर तळहात टेकला. हातात ते आलं.

आता खरं म्हणजे त्याने त्याच पावली कुंदनकडे जायचं, आणि सांगायचं, आवाज आहे. केवढं सोपं. तुम्ही म्हणाल, मग गेला का नाही? तो निघाला होता. चपला घातल्या होत्या. पण चालता चालता त्याच्या डोक्यात कुंदन बोलायला लागला, आणि डोक्यातल्या कुंदनच्या तोंडात मावा नव्हता, त्याचा शब्द न् शब्द दिसत होता. कसा आवाज काका, बारीक की जाड? पुढून की मागून? चला, पुलावर एक चक्कर मारू, तुम्ही चालवा, मी ऐकतो. हा बघा, आला, हाच ना? काका, हाच ना? काका? आणि मग कुंदनच्या तोंडावर हळूहळू उजाडणार. एवढे दिवस हा माणूस आवाज नाही म्हणत होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आवाज नव्हता. कुंदन वाईट माणूस नाही, पण गॅरेजमध्ये दहा व्हॅनवाले येतात, चहा पितात. संध्याकाळी लिंबायतला कळेल, सकाळी डिंडोलीला. बहिऱ्याच्या गाडीत पोरं घालतात का कुणी? लोटूने स्वतः घातलं असतं का हर्षदाला? इथवर आला आणि थांबला. नाक्यावर उभं राहून त्याने स्वतःला हाच प्रश्न परत परत विचारला, आणि उत्तर दर वेळी एकच आलं. मग तो घरी परतला. हर्षदाला म्हणाला, "जुनी गाडी शे, आवाज करीच ना ती. कोणले सांगू नको." तिने मान हलवली आणि त्याच्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली, जशी नेहमी उभी राहायची.

त्यानंतर पूल हा पूल राहिला नाही. दर चढावर लोटू दोन सीटांमधल्या झाकणावर डावा तळहात ठेवी. लोखंड गरम असे. थरथर असे. पण थरथर तर त्याच्या अंगातच होती, ज्या दिवशी पहिल्यांदा मागासमोर उभा राहिला त्या दिवसापासूनची. पंख्याखाली निजला तरी त्याची गादी थरथरायची. यातली गाडीची कोणती आणि आपली कोणती? त्याला टकटक लागे, मग वाटे ही मनगटातली नाडी आहे, मग वाटे नाडी एवढी जड नसते. आरशात मुलांची तोंडं दिसत, सगळी उघडी, गाणं म्हणत असतील नाही तर भांडत असतील. मागे ट्रक. इंजिन इथे जाम झालं तर. चढावर. मागे ट्रक, आणि मागच्याने हॉर्न दिला तर तो ऐकायला एक पोर, आणि ऐकून तरी काय करणार. त्याचे ओठ आपोआप हलू लागत. एवढा पूल चढू दे. पूल उतरला की घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असे आणि त्याला रडू येई. बाजूला हर्षदा समोर बघत बसलेली असे, दोन्ही हात मांडीखाली, सीटवर दाबून. ती हात मांडीखाली का घालून बसते हे त्याने विचारलं नाही.

आणि मग ही सकाळ. दीप्तीताईंच्या दारासमोर गाडी थांबली. त्या डिंडोलीतल्याच, त्यांचा प्रज्ञेश पहिलीत. तो चढला, मागे जायचं सोडून दोन सीटांच्या मधून पुढे वाकला आणि लोटूच्या नजरेसमोर बोट नेऊन टिकली उचकटली. बोटावर घेऊन त्याने ती स्वतःच्या कपाळाला लावली. मुलं हसताना लोटूने आरशात पाहिली. कुप्पी उघडी पडली, लाल, थेंबासकट. हर्षदाचा पंजा दंडावर दाबला गेला. तो खिडकीकडे वळला. दीप्तीताई खिडकीशी होत्या, आत बघत होत्या, आणि त्यांचे ओठ चालू झालेले होते.

"...कधीपासून लागतोय? भाऊ, मी तुम्हाला विचारते."

"स्विच खराब आहे," लोटू म्हणाला. "मेकॅनिक बोलला."

"स्विच खराब आहे म्हणून टिकली लावलीत?" त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमचे हे हजीऱ्याला प्लांटमध्ये आहेत. तिथे असा दिवा लागला ना, तर आधी माणसं बाहेर काढतात, मग दिवा खरा की खोटा ते बघतात. प्रज्ञेशचे बाबा म्हणतात, खोटा निघाला तर आनंदाने घरी येतो." त्यांनी क्षणभर मुलाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर ती टिकली तशीच होती. "आज उशीर झालाय, न्या. पण दुपारी आणायच्या आधी मेकॅनिकला नीट दाखवा. तो म्हणाला ठीक आहे, तर माझं काही म्हणणं नाही. नाही तर मी स्वतः जाऊन आणेन त्याला, आणि बाकीच्यांनाही सांगेन. तुम्ही चांगले माणूस आहात म्हणून आधी तुम्हाला सांगते."

तुम्ही चांगले माणूस आहात. पुलावर चढताना हे शब्द नव्हते, तो ओठांचा आकार होता, आणि तो समोरच्या काचेवरून जाईना. गाडी भरलेली होती. लोटूने तळहात झाकणावर ठेवला. या खेपेला त्याला शंका राहिली नाही. खालून कुणी तरी आत कोंडल्यासारखं दार ठोठावत होतं. त्याने हर्षदाकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. कधीपासून बघत होती कुणास ठाऊक. चढ संपेपर्यंत दोघांनी एकमेकांवरून नजर काढली नाही, म्हणजे तो रस्त्यावरही बघत होता, पण ती मात्र नाही. मागचा ट्रक हॉर्न देत असेल तरी तिने त्या दिवशी टिचकी मारली नाही.

मुलं शाळेत उतरली. एकेक दप्तर खाली जाताना त्याने मोजल्यासारखं पाहिलं, शेवटचं जाईपर्यंत. दुपारी हीच मुलं या फाटकाशी उभी राहणार होती. गाडी रिकामी झाली आणि चांगली पळायला लागली. लबाड. गॅरेजच्या दारात कुंदन उकिडवा बसून एका रिक्षाचं चाक आवळत होता. त्याचा गाल फुगलेला होता. पलीकडे खातं चालू होतं. लोटूच्या पायांना ते जमिनीतून लागलं आणि त्याच्या कानांतल्या खात्याशी जुळलं. कुंदन उठला, हात पुसले, दिव्याकडे पाहिलं, उघड्या कुप्पीकडे, आणि मान हलवली. सीट उचलली. आत वाकला. लोटू वाट पाहत उभा राहिला. गाल हलणार होता. आज तो म्हणणार होता. त्याने मनाशी शब्दांची जुळणी करून ठेवली होती, चढावर, गाडी भरलेली असते तेव्हा, खालून. कसा आवाज विचारलं तर फरशीवर मूठ आपटून दाखवायची, हर्षदाने दाखवली तशी. एवढंच. मग जे उजाडायचं ते उजाडू दे. त्याला खरोखर वाटत होतं की आज आपण म्हणणार.

कुंदनने मान वर केली. ओठ जेमतेम हलले.

"आवाज नाही," लोटू म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं की म्हणून झालं. कुंदनने खांदे उडवले, सीट खाली आपटली, आणि हात असा हलवला की ठीक आहे, चालू द्या. मेकॅनिक ठीक आहे म्हणाला. दीप्तीताईंना हेच हवं होतं. लोटूने चावीसाठी खिशाकडे हात नेला. हात चावीपर्यंत पोचला नाही, कारण मधे हर्षदा आली. ती कधी पुढे आली त्याला दिसलं नव्हतं. ती त्याच्या आणि कुंदनच्या मधे येऊन उभी राहिली, लाल रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, गणवेशाची निळी पाठ. पाठ. लोटू ती पाठ बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याला आपल्या पोरीची बोलतानाची पाठ माहीत नव्हती. बोलताना तिचे खांदे वर जातात, मान किंचित डावीकडे कलते, हे त्याला आज दिसलं. ती काय बोलत होती ते त्याला दिसणार नव्हतं, आणि दिसू नये म्हणूनच ती तशी उभी होती. बराच वेळ बोलत होती. मग तिने डावा तळहात पसरला आणि उजवी मूठ त्यावर ठोकली, टक, टक, टक, टक, आणि त्याला तिचं फक्त कोपर हलताना दिसलं. कुंदनचं चावणं थांबलं. त्याची नजर तिच्या डोक्यावरून उचलली गेली आणि लोटूच्या तोंडावर येऊन थांबली, मग हळूच त्याच्या कानांकडे सरकली. लोटूने ते उजाडणं पाहिलं. अगदी त्याने नाक्यावर उभं राहून पाहिलं होतं तसंच, पायरी पायरीने.

लोटू म्हणाला, "हर्षदा." आपण म्हणालो की नुसतं वाटलं, हे त्याला कळलं नाही.

ती वळली. रडून तिचं नाक लाल झालं होतं, आणि डाव्या गालावर, लहानपणी जिथे आईची बोटं उमटली होती तिथे, तिने आपला हात धरला होता, जणू आता चापट बसणार हे ठरलेलंच होतं. तशीच ती त्याच्या अगदी समोर आली, नेहमी उभी राहायची त्या अंतरावर. तिचे ओठ मिटलेले राहिले. मग तिने गालावरचा हात खाली घेतला, त्याची मूठ वळली, आणि बापाच्या डोळ्यांत बघत, खात्यात पंडित ओढायचा तशी, ती मूठ आपल्या छातीकडे ओढली.